मुक्कामी गाडीची खोली

बोगदा कॅम्प, हिमाचल
२० नोव्हेंबर २०२३

मंगलआक्का,

नमस्कार पुढच्या पत्रात. ह्या पत्रात आधी भांडण.

तू दिवाळीत फोन आपटलास आणि म्हणालीस, आता फोन घेणार न्हाई, काय असेल ते लिहून पाठव, म्हंजे उद्या शब्द फिरवायला जागा राहायची न्हाई. ठीक. सातवीत शाळा सोडल्यापासून एवढं लांब म्या कधी लिहिलं न्हाई. मास्तरांनी छडी घेऊन जे लिहून घेतलं न्हाई ते तू नुसता फोन न उचलता लिहून घेतेस.

पाच खोल्या बांधल्या म्या. तीन वर्षं बोगद्यात ड्रिलिंगची धूळ खाल्ली आणि बांधल्या. आबांची पडवी पाडून तिथं पक्की रांग उभी केली. खोलीखोलीला नळ, दिवा, वर स्लॅब. का बांधल्या ते तुला ठाऊक हाय. पाचही खोल्यांचं भाडं महिन्याच्या महिन्याला यायला लागलं की वर मजला चढवायचा, आणि म्या डोंगराच्या पोटातलं हे काम सोडून घरी यायचं. रस्ता झालाय, गडावर येणाऱ्यांच्या गाड्या वाढल्यात, आपल्या जागेचा भाव दर वर्षी चढतोय. ह्या खोल्यांवरच म्या परत येणार हाय. दुसरं माझ्याकडं काय न्हाई. ना शेत, ना शिक्षण.

आणि दोन वर्षं तू मला काय सांगितलंस? पुढच्या खोलीत ओल हाय. पोपडे निघतात. भाडेकरू टिकत न्हाई. म्या खुळ्यासारखा गळती थांबवायच्या पावडरीचे पैसे पाठवले. दोनदा.

मग पाडव्याला धनाजीचा फोन. माझ्याबरोबर सातवीतनं पळालेला माणूस, मला खोटं कशाला सांगंल? म्हणतो, "गोरख्या, तुझ्या पुढच्या खोलीत एसटीचा डायव्हर आणि कंडक्टर झोपतात की रं. रोज. फुकाट. दोन खाटा हायेत, वर मच्छरदाणी बी लावलीये."

मच्छरदाणी. हितं एका डब्यात आठ जणांना झोपवतात, आक्का. लोखंडी डबा, थंडीत भिंतीला हात चिकटतो. आणि माझ्या खोलीत एसटीच्या माणसांना मच्छरदाणी.

एसटी तुझं सासर लागतं का? ती खोली सगळ्यात मोठी, रस्त्याला तोंड करून, शटर बसंल अशी. धनाजीला ती चहा-मिसळीच्या हॉटेलासाठी पायजे. बाकीच्या खोल्यांच्या दुप्पट भाडं देतो म्हणतो, अकरा महिन्यांचा कागद करायला तयार हाय. हितला फोरमन एक गोष्ट बरोबर बोलतो, जी जागा कमवत न्हाई ती जागा मालकाला खाते.

एक तारखेच्या आत खोली रिकामी कर. भाऊबीजेची ओवाळणी घेतलीस तेव्हा तरी खरं बोलायचं होतंस.

तुझा भाऊ, अजून तरी,
गोरख

*

लव्हेकोंड, ता. वेल्हे
२९ नोव्हेंबर २०२३

गोरख,

तुझं पत्र काल मुक्कामी गाडीनं आलं. टपालाची थैली गाडीतच येते. हिमाचलातून लव्हेकोंडात आठ दिवसांत. कशानं आलं ते लक्षात ठेव.

मी खोटं बोलले. खोलीत ओल नाही, भिंत खणखणीत आहे. तुझी पावडर गोठ्याच्या पत्र्याला लावली. आता गळत नाही. म्हशीकडून आभार.

आता तू ऐक. गावात गाडी मुक्कामाला यावी म्हणून आबांनी डेपोत हेलपाटे घातले तेव्हा तू गोट्या खेळत होतास. साहेब म्हणाले, गाडी देतो, पण माणसांच्या झोपायची सोय गावानं करायची. सरपंचानं देऊळ दाखवलं. देवळाला दार नाही. आबांनी आपली पडवी दिली. सोळा वर्षं गाडीची माणसं त्या पडवीत झोपली. आबा गेले त्या रात्रीसुद्धा झोपायला आली आणि आल्या पावली खांदा द्यायला थांबली. तू कुठं होतास? सुरतेला.

पडवी तू पाडलीस, पण आबांचा शब्द त्या मातीत गेला नाही. म्हणून पुढची खोली दिली. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू तिथल्या तिथं कुलूप लावलं असतंस.

ती खोली काय कमावते हे तुला सांगून कळायचं नाही. शाळा सोडलीस, मग कापूरहोळचा ढाबा, मग गॅरेज, मग सुरत, मग बोगदा. बोगदा सोडला तर स्वतः एका जागी वर्षभर टिकला नाहीस आणि भाडेकरू कसे टिकवायचे ते मला शिकवतोस. उरलेल्या चार खोल्या दोन वर्षांत एक महिना रिकाम्या राहिल्या नाहीत. का राहिल्या नाहीत, याचा विचार कर. बोगद्यात अंधार असतो, विचाराला बरा.

आणि तुझ्या त्या डब्यातल्या खाटेचं भाडं कंपनी तुझ्याकडून घेते का? नाही ना? दिवसभर राबलेल्या माणसाला झोपायला जागा द्यावी लागते, एवढं तुझ्या कंपनीला कळतं.

खोली रिकामी होणार नाही.

मंगल

*

बोगदा कॅम्प
८ डिसेंबर २०२३

आक्का,

तुझं पत्र डब्यातल्या सगळ्यांच्या देखत वाचलं. हसू आलं म्हणून त्यांनी विचारलं, घरचं काय? म्या म्हणलं, बहिणीनं खोलीवर ताबा मारलाय आणि वर उपदेश पाठवलाय.

चार खोल्या भरलेल्या हायेत कारण म्या त्या चांगल्या बांधल्यात. लव्हेकोंडात दुसऱ्या कुणाच्या खोलीला आत नळ हाय का सांग. त्यात तुझा आणि तुझ्या एसटीचा काय संबंध?

आबांचा शब्द आबांपाशी. पडवी त्यांची होती, खोली माझी हाय. घरपट्टी माझ्या नावावर येते. तुला राहायला मागचं घर दिलंय, त्याचं म्या कधी काय मागितलं न्हाई. अकरा वर्षं झाली तुला लहानग्या प्रेरणाला घेऊन माहेरी येऊन.

आता जे ऐकलं ते बी लिहितो, कारण तूच म्हणालीस लिहून पाठव. धनाजी सांगतो, तो दिलावर कंडक्टर रोज सकाळी तुझ्या हातचा चहा पितो. फुकाट खोली, वर फुकाट चहा. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला रोज मुक्कामाला माणूस लागतो म्हणून गोरखची खोली अडकलीये, असं गावात बोलतात.

गाव बोलतं. पण म्या बी आंधळा न्हाई.

धनाजीला माझ्या सहीचा कागद पाठवलाय. १५ तारखेला तो कुलूप बदलायला येईल. तू आडवी आलीस तर म्या पोलिसात जायला कमी करायचो न्हाई.

गोरख

*

लव्हेकोंड
१७ डिसेंबर २०२३

गोरख,

कुलूप बदलायची गरज पडली नाही. पाचही खोल्यांच्या किल्ल्या मी स्वतः धनाजीच्या हातात ठेवल्या. भाडं, नळ, भांडणं, सगळं आता त्यानं बघावं.

दिलावरभाईंना सांगितलं, भावाला खोली हवी आहे. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. दोघांनी वळकट्या बांधल्या. खोली झाडली. चहाचे दोन कप विसळून उंबऱ्याशी पालथे घातले. मच्छरदाणी माझी होती, ती घडी करून प्रेरणाच्या हातात दिली. तिला म्हणाले, "बाई, पास नवीन काढायचा राहिलाय, विसरू नका."

तुझ्या पत्रात काय आहे ते त्यांना सांगितलं नाही. ते मी कोणत्या तोंडानं सांगू.

मंगल

*

बोगदा कॅम्प
२८ जानेवारी २०२४

आक्का,

दीड महिना तुझं पत्र न्हाई. नको लिहू. म्या बी लिहिणार नव्हतो.

धनाजीनं शटर बसवलं. फोटो पाठवला. वर पाटी लावलीये, रंग भडक हाय पण दिसतो लांबनं. पहिल्या महिन्याचं भाडं दोन तारखेला आलं. बघ, खोली कशी कमावते. आबांना कळलं असतं तर आबा बी हसले असते.

पण बाकीच्या खोल्यांचं काय चाललंय? म्या धनाजीला विचारलं, तो आधी टाळत होता, मग म्हणाला एक नंबरमधली कंपनीत जाणारी तिघं पोरं गेली. दोन नंबरची साळूबाई पोरींना घेऊन गेली. तहसिलीतला शिपाई गेला. काल सांगतो, चार नंबरचा गवंडी बी बायकोला घेऊन नसरापूरला गेला. दोन वर्षं एक महिना रिकाम्या न राहिलेल्या खोल्या महिन्याभरात चारच्या चार रिकाम्या?

हे तुझं काम हाय. तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार न्हाई. दारोदार जाऊन काय सांगितलंस? खोलीत भूत हाय म्हणून? का माझ्या नावानं रडलीस? किल्ल्या गपगुमान दिल्यास तेव्हाच म्या समजायला पायजे होतं.

आता एक ऐक, आणि हे ऐकून तुला बरं वाटंल. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी आत पाणी फुटलं. ज्या ठिकाणी म्या उभा असतो तिथं त्या दिवशी दुसरा होता, माझ्या शेजारच्या खाटेवरचा. पोरगा जिवंत हाय. घरी गेला. एक पाय हितं ठेवून गेला.

म्या त्याच दिवशी काम सोडायचा कागद दिला. ३१ मार्च शेवटचा दिवस. माझ्या जागी माणूस बी घेतलाय त्यांनी, आता माघार न्हाई. म्हंजे मार्चनंतर माझ्याकडं ह्या पाच खोल्या सोडून जगात काय न्हाई. आणि त्यातल्या चार तू रिकाम्या केल्यास.

भाडेकरू परत आण. कसे आणायचे ते तुझं तू बघ.

गोरख

*

लव्हेकोंड
२४ फेब्रुवारी २०२४

गोरख,

तुझं पत्र आज मिळालं. सत्तावीस दिवसांनी. हिमाचलातून वेल्ह्यापर्यंत आठ दिवस, आणि वेल्ह्यातून लव्हेकोंडापर्यंत एकोणीस. नऊ किलोमीटरला एकोणीस दिवस. टपालाची थैली आता गाडीनं येत नाही. वेल्ह्याच्या बाजाराला जो जातो तो आपापलं टपाल उचलून आणतो. तुझं आणायला कुणी गेलं नाही.

मी लिहिणार नव्हते. पण तुझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाचं वाचलं आणि लिहायला बसले. त्याच्यासाठी, तुझ्यासाठी नाही.

मी कुणाच्या दारात गेले नाही. तू विचार केला नाहीस, म्हणून आता मी सांगते.

किल्ली दिल्यावर ती दोघं तीन रात्री गाडीतच झोपली. डिसेंबरातली थंडी, काचा धड लागत नाहीत. चौथ्या दिवशी डायव्हरना ताप भरला. डेपोतून सरपंचांना विचारणा आली, झोपायची सोय कुठं? सरपंचांनी पुन्हा देऊळ दाखवलं. देवळाला अजून दार नाही, आणि आता त्या वाटेला बिबट्याची पावलं दिसतात. घरं सगळ्यांना आहेत. "आमच्यात जागा न्हाई" असं सगळ्यांनी सांगितलं, कारण गोरखनं भाडं मागितलं म्हटल्यावर आपण फुकट का द्यायचं, असं एकेकाच्या डोक्यात शिरलं होतं. ते तू शिरवलंस. मी कुठं नेऊ त्यांना? माझ्या घरात? तुझं पत्र वाचल्यावर?

मग गाडीचा मुक्काम वेल्ह्याला गेला. आता आपल्याकडे पहिली गाडी साडेनऊला येते, आणि ती वेल्ह्याचं पोस्ट उघडायच्या आत निघते.

आता मोज. कंपनीतल्या पोरांची पहिली पाळी आठला, सहाच्या गाडीनं ती कापूरहोळला उतरायची. साळूबाई वरच्या वाडीचं घर सोडून तुझ्या खोलीत राहिली होती ती पोरींना भोरच्या कॉलेजात जायला सहाची गाडी मिळावी म्हणून. शिपायाला तहसील उघडायला तीच गाडी लागायची. गवंडी नसरापूरच्या नाक्यावर आठच्या आत उभा राहिला तर काम, नाहीतर घरी. तुझ्या नळासाठी कुणी आलं नव्हतं, गोरख. नळ त्यांच्या घरीही होता. ती माणसं गाडीशेजारी राहायला आली होती. भाडं चार खोल्यांचं यायचं, ते मिळवून द्यायची पाचवी.

दोन वर्षं मी हे तोंडानं बोलले नाही. वाटायचं, मालकाला आपोआप कळेल. तेवढी माझी चूक.

तुझा धनाजी. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे सहाच्या गाडीची चाळीस माणसं. गाडी गेली, चहा गेला. आता शटर बंद असतं. आत कोंबड्यांच्या खाद्याची पोती आहेत. पाटी आहे अजून, भडक.

आणि प्रेरणा. बारावीचं वर्ष. सहाच्या गाडीसाठी पहाटे अंधारात वेल्ह्यापर्यंत चालत जायची. मी सोबत जायचे. बिबट्या दिसल्यावर थांबवलं. परीक्षा तोंडावर. भोरला खोली घेऊन ठेवायची माझी ऐपत नाही. तर ती आता कुणाकडे राहून परीक्षा देते ठाऊक आहे? भोरला, दिलावरभाईंकडे. त्यांच्या घरच्या खुर्शिदाभाभींनी स्वतः येऊन नेली. त्यांनी तिला त्यांच्या मुलीची खाट दिली आहे. भाडं विचारलं मी. भाभी म्हणाल्या, "तुमच्या पडवीचं कधी विचारलं होतं का आबांनी?"

सोबत तुझा ८ डिसेंबरचा कागद परत पाठवते. एका ओळीखाली मी रेघ मारली आहे. घरी आलास की दिलावरभाईंसमोर उभा राहा आणि ती ओळ त्यांना तोंडावर वाचून दाखव. मग खोलीचं बोलू. तोवर मला भाऊ नाही आणि तुला बहीण नाही.

मंगल

*

बोगदा कॅम्प
९ मार्च २०२४

आक्का,

कागद मिळाला. रेघ बी बघितली. पेन दाबून मारलीस, कागद फाटायचा राहिलाय.

गाडीचं मला ठाऊक नव्हतं, हे म्या मान्य करतो. हितं बसून सहाची गाडी दिसत न्हाई. पण तू दोन वर्षं सांगितलं न्हाईस आणि वर "आपोआप कळेल" म्हणतेस. ओल हाय म्हणून सांगायला जीभ होती, खरं सांगायला नव्हती. निम्मा दोष तुझा.

म्या डेपोत फोन लावला. चारदा. साहेब चांगले बोलले. म्हणाले, झोपायची जागा दाखवा, आणि त्या मार्गाच्या कंडक्टरनं सोय बरी हाय असं सांगितलं की मुक्काम परत देतो. म्हंजे आता सगळं दिलावरवर येऊन अडकलं. तर तू त्याला सांग, खोली दिली. पंखा बसवून देतो. दोन वर्षं तू पाजलेल्या चहाचे पैसे बी देतो, किती होतात कळव.

पण ती ओळ वाचायचं डोक्यातनं काढ. ते धनाजी बोलला, गाव बोललं, म्या नुसतं लिहिलं. आपल्यापेक्षा दुप्पट वयाच्या माणसासमोर उभं राहून असलं वाचायला म्या काय दारू पिऊन येऊ? दुसरं काय पण सांग. गावात सगळ्यांसमोर तुझ्या पाया पडतो. हे न्हाई.

पोरीला पेपर बरे गेले का एवढं कळव.

गोरख

*

लव्हेकोंड
३० मार्च २०२४

गोरख,

पत्र एकवीस दिवसांनी मिळालं. या वेळी ते कुणी आणलं सांगते. मी आणलं. वेल्ह्याला चालत गेले, पोस्टाच्या पायरीवर वाचलं, चालत परत आले. उद्या तुझा तिथला शेवटचा दिवस, म्हणून हे टपालात टाकत नाही; आलास की प्रेरणा हातात देईल.

चहाचे पैसे किती होतात, हे तूच दिलावरभाईंना विचार. ओळ वाचून झाली की विचार.

मंगल

*

खोली नंबर तीन, लव्हेकोंड
२२ एप्रिल २०२४

आक्का,

तुझ्या दारापासनं तीस पावलांवरनं लिहितोय. तीन आठवडे झाले येऊन. तू अंगणात येतेस, म्या अंगणात येतो, म्हस मधी उभी असते. तिच्याशी तू बोलतेस. म्हणून पुन्हा कागद.

आधी धनाजीचं. खोली सोड म्हणलं तर अकरा महिन्यांचा कागद दाखवायला लागला. माझाच कागद, माझीच सही. त्याचं डिपॉझिट परत दिलं, शटरचे पैसे दिले, पोती माझ्या पाठीवर वाहिली. बोगद्यातनं आणलेलं निम्मं त्यात गेलं. मग पारावर चार माणसं बसली होती त्यांच्यादेखत त्याला विचारलं, माझ्या बहिणीबद्दल कुठल्या गावानं काय सांगितलं, नाव सांग. म्हणाला, "आरं, म्या गमतीनं बोललो. तू लिहून कशाला पाठवलंस?" मला त्याला मारायचं होतं. पण खरं बोलला तो. लिहिलं म्याच.

आता दुसरं. आज केलं.

वेल्ह्याच्या स्टॅंडवर साडेदहाची भोर गाडी लागली होती. दिलावरभाई दारात उभे. केस सगळे पांढरे झालेत. म्या म्हणलं, "भाई, म्या सोनबाआबांचा गोरख. बोलायचं होतं."

"गाडी सुटायची वेळ झाली. बसा आत."

"न्हाई, हितंच दोन मिनटं."

"बसा म्हणतोय. कुठं जायचं?"

"कुठं न्हाई."

"भोर," म्हणाले आणि तिकीट फाडलं. पूर्ण. सुट्टे नव्हते माझ्याकडं, तर कापूरहोळपर्यंत राहिलेल्या पैशासाठी वाट बघायला लावली.

गाडी भरलेली. बाजाराच्या बायका, पाट्या, एक कोंबडी. म्या त्यांच्या शेजारी दांडी धरून उभा राहिलो आणि कागद काढला. हळूच वाचायला लागलो. त्यांनी कानाला हात लावला.

"ऐकू येत न्हाई. एकतीस वर्षं इंजिनाशेजारी काढलीत. मोठ्यानं."

"भाई, बायका हायेत."

"लिहिलं तेव्हा बी बाईलाच लिहिलं की."

म्हंजे त्यांना ठाऊक होतं, आक्का. तू सांगितलं न्हाईस, तर मग धनाजीनंच पिकवलं असणार. सगळं ठाऊक असून त्यांनी पोरीला घरी नेलं. मला तिथंच उतरून पळायचं होतं. 

वाचलं. मोठ्यानं. नवऱ्यानं टाकलेल्या इथपासनं अडकलीये इथपर्यंत, पूर्ण. बायकांच्या गप्पा थांबल्या. डायव्हरनं आरशातनं बघितलं. कोंबडी तेवढी बोलत होती.

दिलावरभाईंनी कागद मागितला. घेतला, रेघ बघितली, परत दिला. म्हणाले, "चहाचं बरोबर हाय. बिनसाखरेचा. मला शुगर हाय, ते तुमच्या बहिणीच्या आठवणीत होतं." मग पुढच्या बाईचं तिकीट फाडायला गेले. चहाचे पैसे विचारायचं म्या धाडस केलं न्हाई.

कापूरहोळला उतरलो. भोरपर्यंत बसवलं न्हाई. उतरताना त्यांनी राहिलेले पैसे हातात मोजून दिले आणि म्हणाले, "खोली तुमची हाय. झोप माझी हाय. ती कुठं लागंल ते म्या बघीन." आणि घंटी मारली.

तिथनं वेल्ह्यापर्यंत टेम्पोनं, पुढं घरापर्यंत चालत आलो.

तुझं समाधान झालं असंल. पाच खोल्या हायेत, एकात म्या राहतो, चारात पाली राहतात. मजला चढवायचा विषय संपला. कापूरहोळच्या गॅरेजवाल्याला विचारलंय, तो घेतो म्हणतो, पण सकाळी आठला ये म्हणतो. आठला जायचं तर सहाची गाडी पायजे. ती बी आता मला कळली.

पुढच्या खोलीची किल्ली ह्या कागदात गुंडाळलीये. खोली धुतली न्हाई, खाद्याचा वास येतो. किल्ली तुझ्याकडंच ठेव. नको असंल तर आडात टाक, म्या विचारायला येणार न्हाई. कागद प्रेरणाच्या हातनं पाठवतोय. ती बी माझ्याशी धड बोलत न्हाई, पण हात पुढं केला.

गोरख

*

लव्हेकोंड
२६ एप्रिल २०२४

गोरख,

किल्ली मिळाली. खोली तीनदा फिनेलनं पुसली, तेव्हा वास गेला. खाटा माझ्याकडे होत्या. मच्छरदाणीही.

काल गाडी मुक्कामाला आली. तू ऐकलं असशील, हॉर्न तुझ्या खिडकीखालीच वाजला. साळूबाईचा निरोप आहे, दोन नंबर ठेवा. तिला हो म्हटलं आहे. भाडं किती ते मी ठरवीन. तीन नंबरच्या भाडेकरूनंही एक तारखेला माझ्याकडे आणून द्यायचं, मालक असला तरी.

आज सकाळी चहा देताना दिलावरभाईंना विचारलं, भाऊ खरंच वाचला का. म्हणाले, वाचला. पण आवाज मागच्या सीटपर्यंत गेला नाही.

उद्या सहाला गाडी सुटते. कागद बरोबर घे, आणि सुट्टे पैसे.

मंगल